पहाऱ्यातून जाणारा आवाज

फोन लागतो. पलीकडून "हॅलो" येते, कामाचे बोलणे सुरू होते आणि बत्तिसाव्या सेकंदाला कॉल तुटतो. पुन्हा लावला तरी तेच. दुसऱ्या कार्यालयात कॉल टिकतो, पण एकाचेच बोलणे ऐकू येते. तिसरीकडे सगळे सुरळीत असते, फक्त पंधरा मिनिटे झाली की संभाषण संपते. चौथीकडे बाहेर फोन करता येतो, मात्र तासभर शांत पडून राहिलेल्या फोनवर बाहेरचा कॉल येत नाही.

कंपनीचे नेटवर्क क्लाउडमधल्या सुरक्षा सेवेमागे हलवले की अशा तक्रारी सुरू होतात. ईमेल, वेबसाइट, फाइली ठीक चालत असतात, त्यामुळे दोष फोनसेवा पुरवणाऱ्याकडे ढकलला जातो. तो नेटवर्ककडे बोट दाखवतो. शेवटी वैतागून कोणीतरी सांगते, "फोनसाठी सगळे पोर्ट उघडा." कॉल चालू होतात आणि त्याच वाटेने चोरालाही आत येता येते.

या चारही तक्रारींना नेमकी कारणे आहेत. ती समजून घेतली तर पहारा न उठवता आवाजाला वाट देता येते. या प्रकरणात ती वाट कशी आखायची ते पाहू.

एका कॉलचे दोन प्रवास

इंटरनेटवरच्या फोनमध्ये दोन कामे दोन वेगळ्या वाटांनी चालतात. पहिले काम कॉल जुळवण्याचे: कोणाला लावायचा, घंटा वाजली का, उचलला का, ठेवला का. यासाठी बहुतेक ठिकाणी 'सिप' वापरतात. त्याचे नियम जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ या दस्तऐवजात ठरले. सिपचे संदेश साधारणपणे ५०६० या पोर्टवरून जातात, कूटबद्ध असतील तर ५०६१ वरून. दुसरे काम आवाज वाहून नेण्याचे. ते 'आरटीपी' करते, आणि त्यासाठी प्रत्येक कॉलला नवे पोर्ट ठरतात. ॲस्टेरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलमध्ये त्यासाठी १०००० ते २०००० ही कक्षा दिलेली असते. कोणता आवाज कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर पाठवायचा, हे सिपच्या संदेशाच्या आत लिहिलेले असते.

आवाजाचे गणित सोपे आहे. जी.७११ या जुन्या आणि सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक ८ बिटांचा. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये भरतात. म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ता-क्रमांकाची माहिती. एका दिशेला ८० किलोबिट लागतात. एकाच वेळी १०० कॉल चालू असले तरी एका दिशेला ८ मेगाबिट, जे आजच्या कोणत्याही बऱ्या लाइनला सहज झेपतात. मात्र दोन्ही दिशा मिळून पॅकेटची संख्या सेकंदाला १०,००० होते. प्रत्येक पॅकेट थांबवून बघणाऱ्या यंत्रावर खरा भार या संख्येचा पडतो.

आणि आवाजाकडे वेळ नसतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापुढे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. वेबपान अर्धा सेकंद उशिरा उघडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वाक्यातला शब्द अर्धा सेकंद उशिरा आला तर तो फेकूनच द्यावा लागतो.

ही गोष्ट इंटरनेटच्या जडणघडणीतच आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर, अर्पानेटवर, कॅलिफोर्नियातील आयएसआय ही संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यात आवाजाची पॅकेट प्रत्यक्ष संभाषणाच्या वेगाने गेली. त्या कामात डॅनी कोहेन हे संशोधक आघाडीवर होते. त्या काळचे टीसीपी प्रत्येक हरवलेले पॅकेट पुन्हा मागवत असे आणि ते येईपर्यंत पुढचे सगळे अडवून धरत असे. फाइलसाठी हे उत्तम, आवाजासाठी घातक. कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लावून धरले. १९७८ मध्ये टीसीपीतून आयपी वेगळे काढले गेले आणि १९८० मध्ये हरवलेल्याची वाट न पाहणारे यूडीपी ठरले. आजही फोनचा आवाज शक्यतो यूडीपीवरूनच जातो. सुरक्षेची साधने बसवताना याचाच विसर पडतो.

क्लाउडमधला पहारा काय करतो

पूर्वी कंपनीच्या इमारतीत फायरवॉलचे यंत्र असे आणि सगळी वाहतूक त्यातून जाई. माणसे घरून, प्रवासातून काम करू लागली, सॉफ्टवेअरही क्लाउडमध्ये गेले, तेव्हा पहाराही तिकडे हलला. २०१९ मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेने या रचनेला 'सॅसी' हे नाव दिले. झीस्केलर, नेटस्कोप, सिस्को, पालो आल्टो अशा कंपन्या ही सेवा देतात. लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम बसतो किंवा कार्यालयाच्या राउटरवरून बोगदा काढला जातो, आणि सगळी वाहतूक त्या कंपनीच्या जवळच्या केंद्रातून बाहेर पडते.

या सेवेचा गाभा वेबच्या तपासणीसाठी घडला आहे. ती कूटबद्ध जोडणी मध्येच उघडते, आतला मजकूर पाहते, घातक फाइल किंवा बाहेर जाणारी गोपनीय माहिती शोधते, आणि आपल्या प्रमाणपत्राने जोडणी पुन्हा बंद करून पुढे पाठवते. दस्तऐवजांसाठी हे मोलाचे आहे. आवाजाच्या पॅकेटमध्ये मात्र शोधण्यासारखे काही नसते. एसआरटीपी ही कूटबद्ध पद्धत २००४ पासून प्रमाणित आहे आणि आजच्या सेवांत ती सर्रास वापरली जाते. म्हणजे तपासणाऱ्याला आत काही दिसतही नाही. हाती लागतो तो फक्त उशीर.

अडचण इथेच संपत नाही. टेबलावरच्या फोनमध्ये सुरक्षा प्रोग्रॅम बसवता येत नाही. तो फोन त्याला माहीत असलेल्या प्रमाणपत्रावरच विश्वास ठेवतो. मधल्या तपासणीने प्रमाणपत्र बदलले की फोन नोंदणी नाकारतो आणि पडद्यावर केवळ 'सेवा नाही' एवढेच दिसते.

चार तक्रारी, चार कारणे

आधी एकतर्फी आवाज घेऊ. कार्यालयातल्या फोनचा पत्ता खासगी असतो, बहुधा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा. बाहेर पडताना 'नॅट' ही यंत्रणा त्या जागी सार्वजनिक पत्ता लावते. पण नॅट फक्त पॅकेटच्या वरचा पत्ता बदलते, सिपच्या संदेशात आत लिहिलेला नाही. पाकिटावर बरोबर पत्ता आणि आतल्या पत्रात "उत्तर या पत्त्यावर धाडा" म्हणून गल्लीतल्यांनाच ठाऊक असलेली खूण, असा हा प्रकार. पलीकडचा आपला आवाज त्या खासगी पत्त्यावर पाठवतो आणि तो वाटेतच नष्ट होतो. आपले त्याला ऐकू जाते, त्याचे आपल्याला नाही.

काही राउटर 'सिप एएलजी' नावाच्या सोयीने आतला पत्ता बदलण्याचा प्रयत्न करतात, पण ते काम अनेकदा अर्धवट करतात आणि बरोबर असलेला संदेशही बिघडवतात. म्हणून फोनसेवा देणारे जवळजवळ सगळेच ती सोय बंद करायला सांगतात. खरा उपाय दोन ठिकाणी आहे. फोनने 'स्टन' सेवेला विचारून आपला बाहेरचा पत्ता ओळखावा आणि थेट वाट मिळत नसेल तर 'टर्न' सर्व्हरमार्फत बोलावे. या दोन्हींतून चांगली वाट निवडण्याच्या पद्धतीला 'आइस' म्हणतात. नाहीतर सीमेवर एसबीसी, म्हणजे सेशन बॉर्डर कंट्रोलर बसवावा. तो सिप आणि आवाज दोन्ही समजतो आणि आतले-बाहेरचे पत्ते नीट जुळवतो.

आता बत्तीस सेकंद. फोन उचलला की पलीकडून होकाराचा संदेश येतो आणि आपल्या बाजूने त्याची पोच जावी लागते. ही पोच होकारात लिहिलेल्या पत्त्यावर जाते. तो पत्ता खासगी असेल तर पोच पोहोचतच नाही. होकार देणारी बाजू तो पुन्हा पुन्हा पाठवते. सिपच्या नियमांत मूळ कालमान अर्धा सेकंद आहे आणि पोचेची वाट त्याच्या ६४ पट पाहायची असते. अर्ध्या सेकंदाची ६४ पट म्हणजे ३२ सेकंद. त्यानंतर नियमाप्रमाणे कॉल बंद केला जातो. म्हणून कॉल बत्तिसाव्या सेकंदाला तुटत असेल तर लाइनच्या वेगाची चर्चा थांबवावी आणि पोच कुठे अडते ते शोधावे.

पंधरा मिनिटांचे कारण २००५ च्या आरएफसी ४०२८ मध्ये आहे. दोन्ही टोके अजून जिवंत आहेत ना, याची खात्री करण्यासाठी मुदत ठरवता येते. ती बहुधा १,८०० सेकंदांची असते आणि ताजी करण्याचा संदेश निम्म्या वेळेला जातो: ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटे. आवाज वाहत असतो, पण सिपची वाट इतका वेळ शांत राहिल्यामुळे फायरवॉलने पुसून टाकलेली असते. ताजेपणाचा संदेश अडतो आणि संभाषण संपते.

तासाभराने न येणाऱ्या कॉलचे मूळही या पुसण्यातच आहे. आतून बाहेर पॅकेट गेले की फायरवॉल परतीची वाट काही काळ लक्षात ठेवते. यूडीपीसाठी हा काळ फार लहान असतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमधील सिक्युरिटी ग्रुप एका प्रश्नोत्तरापुरते बोललेली यूडीपी वाट ३० सेकंदांत विसरतो, सतत वाहणारी १८० सेकंदांत. नॅटने किमान दोन मिनिटे तरी वाट जपावी, असे २००७ च्या आरएफसी ४७८७ ने सांगितले आहे, पण अनेक साधने त्याहून लवकर विसरतात. दुसरीकडे फोन आपली नोंदणी तासाला एकदाच ताजी करत असेल, तर मधला जवळजवळ सगळा वेळ तो बाहेरच्यांसाठी बंद असतो. उपाय असा की फोनने दर २०-२५ सेकंदांनी एक छोटे जागते पॅकेट पाठवावे, किंवा सिप टीसीपी अथवा टीएलएसवर न्यावे, जिथे वाट जास्त काळ जपली जाते.

पाचवे एक कारणही सांगून ठेवतो, कारण ते शोधायला सर्वांत अवघड जाते. इंटरनेटवरचे पॅकेट साधारण १,५०० बाइटपर्यंत मोठे असते. सुरक्षेचा बोगदा आपली वेष्टने चढवतो, त्यामुळे आतली जागा कमी होते. कॉल सुरू करणारा सिपचा संदेश आवाज भरण्याच्या अनेक पद्धतींच्या (कोडेक) आणि कूटकिल्ल्यांच्या यादीमुळे फुगतो, तुकडे होऊन जातो, आणि बऱ्याच फायरवॉल यूडीपीचे तुकडे टाकून देतात. नोंदणीचा छोटा संदेश मात्र पोहोचतो. फोनवर हिरवा दिवा असतो, पण कॉल लागत नाही. संदेश १,३०० बाइटहून मोठा असेल आणि वाटेची क्षमता ठाऊक नसेल तर टीसीपीसारखी वाट घ्यावी, हे आरएफसी ३२६१ नेच बजावले आहे.

काय वगळायचे आणि काय नाही

आता नियम लिहूया. आवाजाला सवलत द्यायची, पण ती नेमकी आणि अरुंद असली पाहिजे. चांगल्या नियमात चार गोष्टी स्पष्ट असतात: कोणत्या फोनकडून, कोणत्या पत्त्यांकडे, कोणत्या पोर्टवर, आणि कोणती तपासणी वगळून.

मायक्रोसॉफ्ट टीम्स हे चांगले उदाहरण आहे. त्याची माध्यम-वाहतूक यूडीपीच्या ३४७८ ते ३४८१ या फक्त चार पोर्टवरून मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या पत्त्यांकडे जाते. ही वाहतूक प्रॉक्सी, कूटभेदक तपासणी आणि व्हीपीएन यांतून वगळून थेट इंटरनेटवर सोडावी, असे मायक्रोसॉफ्ट स्वतः सुचवते. हे पोर्ट बंद असतील तर टीम्स ४४३ पोर्टवर टीसीपीने बोलू लागते. कॉल लागतो, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते, पण टीसीपी हरवलेल्या पॅकेटसाठी थांबते आणि आवाज तुटक होतो. म्हणून 'कॉल लागला' ही पुरेशी परीक्षा नव्हे. तो यूडीपीवरून गेला का, हे पाहावे.

दुसरा नियम बाहेर पडण्याच्या पत्त्याचा. सिप ट्रंक, म्हणजे बाहेरच्या टेलिफोन जाळ्याशी जोडणी, देणाऱ्या अनेक कंपन्या ग्राहकाचा सार्वजनिक पत्ता पाहून कॉल स्वीकारतात. क्लाउडमधली सुरक्षा सेवा एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात वळली की तो पत्ता बदलतो आणि कॉल नाकारले जातात. कधी सिप एका पत्त्यावरून बाहेर पडते आणि आवाज दुसऱ्याच, तेव्हा पलीकडचा एसबीसी आवाज टाकून देतो. यासाठी सुरक्षा सेवेकडून कायमचा पत्ता घ्यावा किंवा फोनची वाहतूक कार्यालयातूनच थेट बाहेर काढावी, आणि सिप व आवाज दोन्ही एकाच वाटेने जातील हे पाहावे.

तिसरा नियम अंतराचा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्यातून मुंबईच्या सर्व्हरकडे जाणारा आवाज सुरक्षा केंद्रामुळे सिंगापूरला जाऊन परत आला तर सुमारे आठ हजार किलोमीटर वाढतात. नुसत्या काचेत ४० मिलिसेकंद जातात, वाटेतली यंत्रे वेगळी. मायक्रोसॉफ्टचे भारतातील क्लाउड विभाग २०१५ मध्ये सुरू झाले, त्यांतला एक पुण्यात आहे. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ चा. सेवा शेजारी असताना आवाजाला समुद्रापार फिरवण्याचे कारण नाही. सुरक्षा सेवा निवडताना तिचे जवळचे केंद्र कुठे आहे, आणि ते बंद पडले तर वाहतूक कुठे वळेल, हे आधी विचारावे.

घरून होणाऱ्या कॉलचा विचार वेगळा करावा लागतो. मार्च २०२० मध्ये भारताच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांना घरून काम करता यावे म्हणून अटी शिथिल केल्या. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ च्या नव्या नियमांनी ती सूट पक्की केली. हिंजवडी-ऐरोलीतल्या टेबलांवरचे हेडसेट घराघरांत गेले आणि आवाज घरच्या वायफायवरून, व्हीपीएनमधून वाहू लागला. तिथे विभागलेला बोगदा उपयोगी पडतो: ग्राहकांची माहिती बोगद्यातून, कूटबद्ध आवाज थेट. मात्र फोनव्यवस्था सार्वजनिक टेलिफोन जाळ्याशी जोडताना दूरसंचार विभागाचे नियम पाळणे बंधनकारक आहे. ते काम परवानाधारक कंपनीमार्फतच करावे.

उघड्या दाराची किंमत

तपासणी वगळली म्हणजे सुरक्षा सोडली, असे होता कामा नये. आवाजात शोधण्यासारखे काही नसले तरी फोनव्यवस्थेत चोरण्यासारखे पुष्कळ असते. २००६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या सरकारी वकिलांनी मायामीच्या एका माणसावर खटला भरला. त्याने इतर कंपन्यांच्या इंटरनेट-फोन यंत्रणांत शिरून १ कोटीहून अधिक मिनिटे चोरून विकली होती. २०१० मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. वाटेत त्याने वापरलेल्या अनेक यंत्रांवर कारखान्यातून आलेला पासवर्डही बदललेला नव्हता.

आजही सार्वजनिक पत्त्यावर ५०६० पोर्ट उघडा ठेवला की पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम येऊन धडकतात. एक खाते हाती लागले की महागड्या परदेशी क्रमांकांवर रात्रभर कॉल लावले जातात आणि त्या क्रमांकांच्या उत्पन्नात चोराचा वाटा असतो. बिल आपल्याला भरावे लागते.

म्हणून पहारा योग्य जागी उभा करायचा. ५०६० आणि ५०६१ हे पोर्ट फक्त सेवादात्याच्या पत्त्यांना उघडे ठेवावेत. प्रत्येक फोनला वेगळा, लांब पासवर्ड द्यावा. चुकीच्या नोंदणीचे प्रयत्न ठरावीक संख्येनंतर अडवावेत. ज्यांना परदेशी कॉलची गरज नाही त्यांच्यासाठी ते मुळातच बंद असावेत. एकाच वेळी किती कॉल आणि दिवसाला किती खर्च, याला मर्यादा घालावी. कार्यालय बंद असताना परदेशी कॉल सुरू झाले तर लगेच कोणाला तरी सूचना जावी. सिप टीएलएसवर आणि आवाज एसआरटीपीवर न्यावा. यांतल्या एकाही उपायाने आवाजाला मिलिसेकंदाचाही जाणवण्यासारखा उशीर होत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये कॅनडातील व्हीओआयपी.एमएस या कंपनीवर खंडणीसाठी वाहतुकीचा पूर सोडण्यात आला आणि तिच्या ग्राहकांचे फोन कित्येक दिवस विस्कळीत राहिले. त्याच महिन्यात अमेरिकेतील बँडविड्थ या मोठ्या कंपनीलाही तसाच फटका बसला. वेबसाइटसमोर लावलेली ढाल सिप आणि आरटीपीच्या यूडीपी वाहतुकीला आपोआप वाचवत नाही, हे त्यातून शिकायला हवे. पूर अडवणारी सेवा घेताना ती यूडीपी सांभाळते का आणि खरा आवाज पुरासोबत टाकून तर देत नाही ना, हे विचारलेच पाहिजे. शिवाय दुसऱ्या कंपनीचा पर्यायी ट्रंक तयार असावा.

काम झाले हे कधी म्हणायचे

एक कॉल लावून "चालतंय" म्हणणे पुरेसे नाही. वर सांगितलेली प्रत्येक तक्रार ठरावीक वेळेला किंवा ठरावीक परिस्थितीतच उघडी पडते, म्हणून परीक्षाही तशीच घ्यावी. एक कॉल वीस मिनिटे चालू ठेवावा. एक फोन तासभर हात न लावता ठेवून मग त्यावर बाहेरून कॉल करावा. कॉल होल्डवर टाकून परत घ्यावा, दुसऱ्याकडे वळवावा, आणि बँकेच्या सेवेला लावून आकडे दाबले की पोहोचतात का ते पाहावे. चालू कॉलमध्ये सुरक्षा सेवेचे मुख्य केंद्र मुद्दाम बंद करून पर्यायी केंद्राकडे वळवून पाहावे. दोष आढळला तर दोन्ही टोकांना पॅकेट टिपून घ्यावीत. सिपच्या संदेशात आत कोणता पत्ता लिहिला आहे, ही एक ओळ वाचली तरी निम्मे वाद मिटतात.

आणि प्रत्येक सवलतीच्या नियमापुढे तो कोणी, का आणि कोणत्या तारखेला लिहिला, हे नोंदवावे. सेवादाते आपले पत्ते बदलतात. सहा महिन्यांनी न तपासलेली सवलत एकतर फोन बंद पाडते किंवा नको त्याला आत घेते.

नेटवर्कवाले आणि फोनवाले हे दोन वेगळे विभाग असतात आणि बहुतेक बिघाड त्यांच्यामधल्या जागेत जन्माला येतात. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीला, वीज मंडळाच्या तक्रार क्रमांकाला, संकटात असलेल्या माणसाच्या मदतवाहिनीला फोन करणाऱ्याला या विभागांशी काही देणेघेणे नाही. त्याचा कॉल लागला पाहिजे, टिकला पाहिजे आणि खासगी राहिला पाहिजे. नेमका नियम लिहिला तर या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. घाईत सगळे पोर्ट उघडले तर तिसरी हातची जाते, आणि सगळेच तपासायचे ठरवले तर पहिल्या दोन. म्हणून नियम लिहिण्याआधी दोन्ही विभागांनी एका टेबलावर बसून एका कॉलचा पूर्ण प्रवास कागदावर काढावा. क्लाउडमधल्या कोणत्याही महागड्या साधनापेक्षा त्या तासाभराच्या बैठकीचा उपयोग जास्त होतो.